चालेल, सर

२०१६ साली एका दिवाळी अंकात मी अमेरिकी विनोदी मालिकांवर लेख लिहिला होता. या मालिकांच्या सणासुदीच्या भागांत ऑफिस कसं दाखवतात, असा विषय होता, आणि ते खोटं दाखवतात असं माझं म्हणणं होतं. वर्षभर बऱ्यापैकी खरं वाटणारं ऑफिस नाताळ किंवा थँक्सगिव्हिंग आलं की एकदम गोड होतं, काम बाजूला पडतं, साहेब हळवा होतो, शेवटी सगळे एकमेकांना मिठ्या मारतात, असं मी लिहिलं. तेव्हा मी एका मराठी वृत्तवाहिनीच्या डेस्कवर होतो. माणूस आतला आहे म्हणजे बरोबरच सांगत असणार, असं वाचकांना वाटलं. फोन आले, पत्रं आली. तो लेख मी आज मागे घेतोय. हे लिहायला इतकी वर्षं लागली, कारण चूक नुसती मतात नव्हती. तिच्यात माझं वागणंही होतं.

आधी सोपं ते कबूल करतो. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' या मालिकेचा ३० ऑक्टोबर १९७८ ला दाखवलेला थँक्सगिव्हिंगचा भाग मी 'निव्वळ धुमाकूळ' म्हणून निकालात काढला होता. तोट्यातल्या एका रेडिओ स्टेशनची ही गोष्ट. नवा प्रोग्रॅम डायरेक्टर आलाय, स्टेशन बदललंय आणि मॅनेजर आर्थर कार्लसनला आता कोणी काही विचारत नाही. मग तो स्वतःच एक जाहिरातीची युक्ती काढतो आणि ती गुप्त ठेवतो. हेलिकॉप्टरमधून शॉपिंग सेंटरवर टर्की सोडायच्या, लोकांनी झेलायच्या. पाळीव टर्कीला उडता येत नाही, हे त्याच्या गावीही नसतं. प्रेक्षकाला एकही पक्षी पडताना दिसत नाही. खाली उभा असलेला वार्ताहर लेस नेसमन तेवढा दिसतो, आणि त्याचा आवाज आधी उत्साहाने, मग भीतीने, मग रडवेला होत जातो. १९३७ मध्ये हिंडेनबर्ग हे हवाई जहाज जळताना रेडिओच्या वार्ताहराने जे वर्णन केलं होतं, त्याची ती आठवण आहे.

असं कुठे असतं का, असं मी लिहिलं होतं. असतं. आर्कान्सामधल्या येलव्हिल गावच्या जत्रेत कित्येक वर्षं विमानातून जिवंत टर्की सोडत असत. मालिकेचा कर्ता ह्यू विल्सन अटलांटात जाहिरातीच्या धंद्यात होता आणि अशीच एक हकिकत त्याने तिथल्या रेडिओवाल्यांकडून ऐकली होती. पण त्या भागातली खरी गोष्ट टर्कीची नाहीच. ज्यांना ही योजना माहीत असते, त्यांच्यापैकी एकजणही साहेबाला विचारत नाही की हा पक्षी उडतो का. आमच्याकडे एका अनंत चतुर्दशीला वरून हुकूम आला, गिरगाव चौपाटीसमोर बोटीतून लाइव्ह करायचं. त्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क कोलमडतं हे डेस्कवरच्या शिकाऊ पोरालाही माहीत होतं. मलाही माहीत होतं. आम्ही सगळे 'हो सर' म्हणालो आणि चाळीस मिनिटं अँकर प्रेक्षकांना सांगत राहिली की आपला संपर्क होऊ शकत नाहीये. हे घडलं तेव्हा मी 'डब्ल्यूकेआरपी' पाहिलेली होती, तरी मला तो भाग आठवला नाही.

त्याच मालिकेत लेसला स्वतःची केबिन हवी असते आणि मिळत नाही. मग तो टेबलाभोवती जमिनीवर चिकटपट्टी लावतो आणि इथे भिंत आहे, इथे दार आहे, असं मानून वागतो. येणाऱ्याने हवेत टकटक करायची. आमच्या न्यूजरूममधल्या केबिन तोडून एक मोठा हॉल केला, तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने फायलींचे दोन रॅक आडवे करून घेतले होते, म्हणजे त्यांच्यापर्यंत जायला वळसा पडायचा. ते निवृत्त होईपर्यंत आम्ही सगळे तो वळसा घेत होतो.

'द ऑफिस'बद्दल मी बरं लिहिलं होतं आणि ते तसंच राहू द्यावं. डिसेंबर २००५ मधल्या नाताळच्या पार्टीत भेटवस्तूची मर्यादा २० डॉलर ठरलेली असते. साहेब स्वतः ४०० डॉलरचा आयपॉड आणतो, तोही एका ठरावीक आवडत्या पोरासाठी. साहेबाला मात्र सहकारी फिलिसने हाताने विणलेला ओव्हनचा हातमोजा मिळतो आणि तो सगळ्यांसमोर फुरंगटतो. याहून खरं काय असणार? २००६ च्या दिवाळीच्या भागावर मात्र मी नुसतं कपड्यांबद्दल लिहिलं. तो मिंडी केलिंगने लिहिला आहे. स्क्रँटनच्या ऑफिसातली मंडळी दिवाळीच्या कार्यक्रमाला जातात आणि त्याच रात्री स्टॅमफर्डच्या शाखेत तिघंजण कागदपत्रं उरकत बसलेले असतात. सणाची रात्र आणि कामाची रात्र एकच असते, एवढं त्यात सरळ दिसत होतं. मी ते ओलांडून पुढे गेलो.

सगळ्यात कडक लिहिलं होतं ते 'द मेरी टायलर मूर शो'वर. १९७० ते १९७७ अशी सात वर्षं चाललेली ही मालिका मिनियापोलिसच्या एका लहानशा टीव्ही स्टेशनच्या न्यूजरूममध्ये घडते. तिशीची, अविवाहित मेरी रिचर्ड्स तिथे सहायक निर्माती असते. पहिल्याच भागात ती सेक्रेटरीच्या जागेसाठी येते. ती जागा भरलेली असते, म्हणून तिला वरचं पद देऊ करतात, फक्त आठवड्याला दहा डॉलर कमी पगारात, आणि ती ते घेते. पहिल्या वर्षीचा नाताळचा भाग १९ डिसेंबर १९७० ला लागला. जेम्स एल. ब्रुक्स आणि ॲलन बर्न्स या कर्त्यांनीच तो लिहिला होता. मेरी आईवडिलांकडे जायच्या तयारीत असते. तिला कळतं की नाताळच्या दिवशी तिची ड्युटी आहे. एवढ्यावर भागत नाही. एक सहकारी येतो आणि आदल्या रात्रीची ड्युटीही तिने घ्यावी म्हणतो, त्याला बायको-मुलांसोबत राहायचंय. ती घेते. रिकाम्या इमारतीत ती रात्री एकटी बसते, बारीकशा आवाजानेही दचकते, आणि शेवटी तिचा साहेब लू आणि सहकारी मरे आणि टेड तिच्यासाठी ऑफिसात येतात.

माझे आक्षेप दोन होते. पहिला, ही न्यूजरूमच नव्हे. चार माणसं, फोन वाजत नाहीत, टेलिप्रिंटरवर काही येत नाही, बातमीपत्र आपोआप तयार होतं. दुसरा आक्षेप शेवटावर होता. मी लिहिलं होतं की सणाच्या रात्री घर सोडून कोणी सहकाऱ्यासाठी ऑफिसात येत नाही, माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी हे एकदाही पाहिलेलं नाही. हे वाक्य लिहिताना मला फार बरं वाटलं होतं. अनुभवाचं वाक्य होतं.

पाहिलं नव्हतं हे खरंच होतं. त्या रात्री मी तिथे नसायचोच.

आमच्या डेस्कचा ड्युटी चार्ट मी लावायचो, सलग अकरा वर्षं. दसरा झाला की लोक माझ्या खुर्चीभोवती घुटमळायला लागायचे. वसुबारस ते भाऊबीज, आडवे रकाने तारखांचे, उभे नावांचे. वृत्तवाहिनीला सुट्टी नसते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तर काम वाढतंच. तेव्हा संध्याकाळी शेअर बाजारात मुहूर्ताचं ट्रेडिंग असायचं, मग अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूमला दर अर्ध्या तासाने फोन, कुठे रॉकेटने झोपडी पेटली, कुठे गोदाम, कुठे गॅलरीत वाळत घातलेले कपडे. हे सगळं स्क्रोलवर टाकायला डेस्कवर एक नीट माणूस लागतो. घाईत चुकणारा चालत नाही.

तशी एक मुलगी आमच्याकडे होती. २००९ मध्ये लागली, २०१५ मध्ये सोडून गेली. डोंबिवलीला आईबरोबर राहायची. लग्न झालेलं नव्हतं. चार्ट लावताना माझ्या डोक्यात जे चालायचं ते आज जसंच्या तसं लिहितो. पाडवा नवरा-बायकोचा, म्हणजे तिला मोकळा. भाऊबीज, तर तिला भाऊ नाही. लक्ष्मीपूजन घरचं असतं, पण तिच्या घरी कोण आहे? एकटी आई. बाकीच्यांची लहान पोरं आहेत, सासूसासरे आहेत, गावाला जायचंय. मी कोणावर अन्याय करतोय असं मला क्षणभरही वाटलं नाही. उलट मी माणसं ओळखून, घरं ओळखून चार्ट लावतो असा माझा समज होता. मी तिच्या टेबलाशी जायचो आणि म्हणायचो, "या वर्षीही लक्ष्मीपूजनाची नाइट तू घेशील ना? तुला चालेल ना?"

"चालेल, सर."

नंतर मी जुन्या डायऱ्या काढून मोजलं. तिच्या सात दिवाळ्यांतली सहा लक्ष्मीपूजनं तिने डेस्कवर काढली. सातव्या वर्षी तिला ताप होता.

२०१७ च्या महाराष्ट्र दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला ८ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. सुट्टीच्या दिवशी काम केलं तर बदली रजाही आहे. तो कायदा यायच्या आधीही आम्ही बदली रजा द्यायचो. ती नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी घ्यायची. कागदावर हिशोब चोख बसायचा.

आणि मिठाई द्यायचो. नाइटवाल्यांना काजूकतलीचा पाव किलोचा बॉक्स, माझ्या खिशातून. तो संध्याकाळी तिच्या टेबलावर ठेवून मी निघायचो. मी दादरला राहतो. ऑफिस लोअर परळला, टॅक्सीने पंधरा मिनिटं. अकरा वर्षांत लक्ष्मीपूजनाच्या रात्री, पूजा झाल्यावर, एकदाही मी तिथे गेलो नाही. येत नाहीत असं जे मी छापून आणलं, त्याचा पुरावा माझ्याकडे एवढाच होता.

मिठाईवरून 'मॅश' आठवते. ती मी नव्वदच्या दशकात केबलवर पाहिली होती आणि कोरियाच्या युद्धातल्या त्या लष्करी रुग्णालयाला २०१६ च्या लेखातून सूट दिली होती, युद्धातलं ऑफिस वेगळं म्हणून. डिसेंबर १९८० च्या नाताळच्या भागात एक सैनिक मरणाच्या दारात असतो आणि त्याच्या पोरांना नाताळ म्हणजे बाप गेला तो दिवस असं वाटू नये म्हणून डॉक्टर त्याला मध्यरात्रीपर्यंत जगवायची धडपड करतात. ते जमत नाही तेव्हा घड्याळाचा काटा बाराच्या पुढे सरकवला जातो. तो प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला आता दुसरा आठवतो. चार्ल्स विंचेस्टर हा श्रीमंत घरातला डॉक्टर घराण्याच्या रिवाजाप्रमाणे अनाथाश्रमाच्या दारात गुपचूप उंची चॉकलेटं ठेवून येतो. पुढे त्याला कळतं की ती काळ्या बाजारात विकली गेली, आणि तो संतापतो. अनाथाश्रमाचा प्रमुख शांतपणे सांगतो की त्या पैशांत मुलांसाठी तांदूळ आणि कोबी आले. चार्ल्स चूक मान्य करतो. जे मूल जेवलेलंच नाही त्याला गोड देणं गैर, हे त्याला समजतं. तो प्रसंग पाहून मी तरुणपणी रडलो होतो. पुढे वर्षानुवर्षं काजूकतलीचे बॉक्स ठेवून पंधरा मिनिटांत घरी पोचत होतो.

मत बदललं ते २०२२ मध्ये, मिनियापोलिसला. माझी पुतणी तिथे एका रुग्णालयात फार्मसिस्ट आहे. शहराच्या मध्यभागी निकोलेट मॉलवर मेरीचा ब्राँझचा पुतळा आहे, टोपी हवेत उडवतानाचा, २००२ मध्ये उभारलेला. तो पाहून आलो आणि रात्री पुतणीने तोच नाताळचा भाग लावला. मी आधीच सांगून टाकलं की यावर मी लिहिलंय, न्यूजरूम अगदी खोटी आहे. ती काही बोलली नाही. मग तो सहकारी आला, बायको-मुलांचं सांगायला लागला, आणि मेरीचा चेहरा हळूहळू बदलत गेला. पुतणी म्हणाली, "बघ काका, असंच विचारतात. नाही म्हणायला जागाच ठेवत नाहीत."

तिच्या रुग्णालयात नाताळची ड्युटी दर वर्षी तिच्याकडे असते. तुमच्याकडे नाताळ नसतो ना, मग तुला काय. दिवाळीला मात्र रजा मागावी लागते, कारण दिवाळी तिथल्या कोणाकडे नसते. महाराष्ट्र मंडळाची दिवाळी त्यामुळे जवळच्या शनिवारी होते. हे तिने अगदी सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही. "पहिल्या वर्षी बरं वाटलं होतं," ती म्हणाली, "आपली कोणाला मदत होतेय म्हणून. दुसऱ्या वर्षी कोणी विचारलंच नाही. नाव आधीच लिहिलेलं होतं."

मी तो भाग पुन्हा मागे नेऊन पाहिला. टेलिप्रिंटर, फोन, बातमीपत्राची वेळ, यातलं काही त्यात नाही हे माझं बरोबरच होतं. पण त्यांनी जे दाखवायचं ठरवलं होतं ते मी पाहिलंच नव्हतं. सणाच्या दिवशी कोणीतरी थांबायचं असतं, ते कोण हे कसं ठरतं, आणि विचारणारा माणूस वाईट नसतो, चांगलाच असतो. तो सहकारी खलनायक नाही. त्याला खरंच मुलं आहेत. मेरीला चिडायला कोणी समोरच नाही. याहून बारकाईने न्यूजरूम दाखवणारं मी काही पाहिलेलं नाही आणि मी त्यात टेलिप्रिंटर शोधत बसलो होतो.

मग पुतणीने सप्टेंबर १९७२ चा, तिसऱ्या वर्षातला पहिला भाग लावला. मेरीला कळतं की याच जागेवर आधी असलेल्या पुरुषाला तिच्यापेक्षा आठवड्याला ५० डॉलर जास्त मिळायचे. समान वेतनाचा कायदा अमेरिकेत १९६३ मध्येच झाला होता. ती लूला जाब विचारते. तो आधी सरळच सांगतो, तो पुरुष होता. मग म्हणतो, त्याला घर चालवायचं होतं. मेरी उत्तर देते, मग तीन मुलं असलेल्याला दोनवाल्यापेक्षा जास्त द्या, दोनवाल्याला एकवाल्यापेक्षा. लूला पुढे बोलता येत नाही. नाताळच्या ड्युटीत आणि त्या ५० डॉलरात कारण एकच आहे, त्याचं घर आहे. मेरीचंही घर आहे, पण ते मोजणीत येत नाही. माझ्या चार्टवर एक आई मोजणीत येत नव्हती, तसंच.

शेवटाबद्दल माझं मत अजूनही पुरतं बदललेलं नाही. तिघंही एकाच रात्री यावेत हे मला जुळवून आणलेलं वाटतं. एकटा लू आला असता तर मला जास्त पटलं असतं. पण असं कोणी येतच नाही, हे मात्र मी पुन्हा लिहिणार नाही.

परत आल्यावर मी डेस्कवरच्या त्या मुलीला फोन केला. ती आता दुसऱ्या शहरात स्वतःचं डेस्क सांभाळते. मी काय बोलायचं ते लिहून काढलं होतं आणि त्यातलं काहीच बोललो नाही. नुसतं म्हणालो, सहा लक्ष्मीपूजनं तुझ्याकडून घेतली, चुकलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, नाइटचं काही नव्हतं हो. कोणीतरी करणारच. पण तुम्ही 'चालेल ना' विचारायला यायचात तेव्हा चार्ट पेनाने लिहिलेला असायचा. बाकीच्यांची नावं पेन्सिलने असायची. मला लांबून दिसायचं."

मला हे आठवत नव्हतं. नंतर डायरीत दुमडून ठेवलेल्या जुन्या चार्टच्या घड्या उघडल्या. तसंच होतं.

मी तिच्या आईंची चौकशी केली. त्या गेल्या, २०१९ मध्ये. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, हेही मला तोवर माहीत नव्हतं. ती तीनला घरातून निघायची, त्यामुळे पूजा त्या एकट्याच करायच्या. मग फटाक्यांच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून टीव्हीचा आवाज बंद करून आमची वाहिनी लावायच्या आणि खालची पट्टी वाचत बसायच्या. ती पट्टी लेक लिहिते हे त्यांना ठाऊक होतं. शुद्धलेखनाची चूक दिसली की 'कालनिर्णय'च्या फाडलेल्या पानामागे वेळ घालून टिपून ठेवायच्या. रात्री दोनला ही घरी पोचायची तेव्हा टेबलावर झाकलेलं फराळाचं ताट असायचं आणि त्याखाली ते पान.

त्यातलं एक पान तिने जपून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी तिने मला त्याचा फोटो पाठवला. २०१३ सालचं आहे. अक्षर मोठं, गोलसर, फळ्यावरच्यासारखं. चार नोंदी आहेत. शेवटची रात्री १२ वाजून ४० मिनिटांची: 'अटोक्यात' नव्हे, 'आटोक्यात'.